गर्डरवरचा लाल रंग कोण ठरवतो?

रत्नागिरीजवळच्या एका मासेमारी धक्क्यावर मासळीचे क्रेट उचलण्यासाठी लोखंडी हात बसवायचा होता. त्याच्या आराखड्याचे संगणकावरून छापलेले चित्र मी तिथल्या एका वयस्क तांडेलांना दाखवले. खांबाजवळचा भाग लालभडक, पुढे पिवळा, हिरवा आणि टोकाशी निळा होत गेलेला, आणि सगळा गर्डर माडाच्या झावळीसारखा खाली वाकलेला. "अहो, हा तर मोडायलाच आलाय," ते म्हणाले. गणितात काहीही चुकले नव्हते आणि गर्डर मोडण्याच्या जवळपासही नव्हता. सॉफ्टवेअरने दिले तसेच चित्र छापून आणण्याची चूक मात्र माझी होती.

हात २ मीटर लांबीचा, एका टोकाला खांबाशी पक्का केलेला, दुसऱ्या टोकाला ५०० किलो भार, आणि गर्डर आयएसएमबी १५०, म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे बनवलेला, आय अक्षरासारख्या छेदाचा, १५० मिलिमीटर उंचीचा. कागदावर हिशेब केला तर खांबाजवळ सुमारे १०१ मेगापास्कल प्रतिबल, म्हणजे लोखंडाच्या दर चौरस मिलिमीटरवर १०१ न्यूटन बळ, येते. साधे पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचे वाकू लागते. मग चित्र लाल का? चित्रासोबत येणारी रंगपट्टी, जिला सगळे लेजंड म्हणतात, ती काही सांगितले नाही तर मिळालेल्या सर्वांत मोठ्या आकड्याला लाल आणि सर्वांत लहान आकड्याला निळा रंग देते. भार ५०० किलोंऐवजी ५ किलो ठेवला असता तरी ती जागा तितकीच लाल दिसली असती. पट्टीचे वरचे टोक २५० वर पक्के केले की तीच जागा निळसर हिरवी होते.

वाकण्याचेही तसेच. टोक प्रत्यक्षात ९ मिलिमीटर खाली येते, जे २ मीटरच्या चित्रात डोळ्यांना जाणवणारही नाही. म्हणून अनेक सॉफ्टवेअर ते आपणहून फुगवून दाखवतात. फुगवटा लांबीच्या दहाव्या हिश्श्याइतका धरला तर चित्रातले वाकणे खऱ्याच्या सुमारे २२ पट होते. फुगवणे उपयोगाचे असते, कारण कोणता भाग कुठल्या दिशेला जातो हे त्यातूनच कळते आणि आधार चुकीच्या जागी दिला असेल तर तेही लगेच उघडे पडते. परंतु तो गुणक चित्रावर छापलेला हवा.

रंगांच्या आतही बरेच काही दडलेले असते. संगणक गर्डरचे लहान लहान तुकडे करून जाळी विणतो आणि प्रतिबल प्रत्येक तुकड्याच्या आत काढतो. शेजारच्या दोन तुकड्यांचे आकडे त्यांच्या सामाईक बिंदूवर सहसा जुळत नाहीत, तेव्हा सॉफ्टवेअर त्यांची सरासरी घेऊन रंग गुळगुळीत करते. ही सरासरी बंद करून चित्र एकदा तरी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. रंगांच्या पायऱ्या ठळक दिसल्या तर जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले भोक, त्या जागी फार मोठा आहे. मोठ्या आसाच्या जाळ्यातून बारीक मासळी निसटते, तसा तिथला खरा आकडा निसटलेला असतो.

उलट त्रासही होतो. आतल्या धारदार कोपऱ्यात गणिती प्रतिबलाला मर्यादाच नसते. जाळी जितकी बारीक करावी तितका आकडा वाढत जातो. त्या एका ठिपक्याला लाल रंग मिळाला की उरलेला सगळा गर्डर निळा पडतो आणि खरोखर पाहण्याजोगा भागही निर्धास्त वाटू लागतो. शिवाय सहसा छापले जाते ते फॉन मीझेस प्रतिबल. रिचर्ड फॉन मीझेस यांनी १९१३ साली मांडलेल्या निकषावरून आलेल्या या एकाच आकड्यात सर्व दिशांचे प्रतिबल सामावते, पण त्याला ऋण चिन्ह नसते. त्यामुळे ताणली गेलेली वरची बाजू आणि दाबली गेलेली खालची बाजू सारख्याच रंगाची दिसते.

इंद्रधनुष्यी रंगांबद्दल माझी तक्रार जुनी आहे. झेरॉक्स काढली की गडद लाल आणि गडद निळा दोन्ही काळेच येतात, आणि लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्या वाचकाला तर मूळ चित्रही उपयोगाचे नसते. जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एकसारखी उजळत जाणारी ‘विरिडिस’ ही रंगमाला २०१५ साली तयार झाली, ती यासाठीच. छपरावरच्या वाऱ्याचे चित्र असेल तर मात्र तीही नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा असंख्य घरांचे पत्रे उडाले. छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्यांना वर ओढतो. इथे दाब आणि ओढ अशी दोन्ही चिन्हे असल्याने शून्याला पांढरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेगळे रंग दिले, तरच कुठले खिळे उपटले जातील हे नजरेत भरते.

हे सगळे ऐकून झाल्यावर तांडेलांनी विचारले, "पण गंज कुठे दिसतो यात?" तो दिसत नव्हता, कारण मी कोऱ्या गर्डरची मापे दिली होती. खाऱ्या हवेने सर्व बाजूंनी १ मिलिमीटर लोखंड खाल्ले असे धरून गणित पुन्हा केले, तेव्हा प्रतिबल १०१ वरून १४० च्या पुढे गेले आणि टोक ९ ऐवजी जवळजवळ १३ मिलिमीटर उतरले. तरीही सॉफ्टवेअरच्या मनाप्रमाणे छापलेली दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली तर फरक सापडत नव्हता: तोच लाल, तीच वाकलेली झावळी. रंगपट्टी ० ते २५० आणि फुगवटा दोन्हीकडे २० पट असा पक्का केल्यावर कोरा गर्डर निळसर हिरव्यावर थांबला, तर गंजलेला हिरवा ओलांडून पिवळ्याकडे सरकला आणि उघडपणे जास्त झुकला. धक्क्यासाठी आम्ही आयएसएमबी १७५ घेतला.