अ‍ॅटलास पतंग

सॅटर्निडी कुलातील महाकाय निशाचर पतंग. शास्त्रीय नाव अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास. लिनीअस यांनी १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. भारत, दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातील उष्ण, दमट जंगलांत तो आढळतो. दक्षिण भारत व श्रीलंकेत अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस ही त्याच्या अगदी जवळची जातही आहे. सह्याद्रीत, कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत दिव्याजवळच्या भिंतीवर तो दिसला की ‘दुर्मिळ फुलपाखरू’ म्हणून बातमी होते. पण हे फुलपाखरू नव्हे.

पसरलेले पंख २४ सेंमी.पर्यंत भरतात. महाराष्ट्राचे राज्यफुलपाखरू ब्लू मॉर्मॉन मोठे खरे, तरी ते १२ ते १५ सेंमी.चे. अ‍ॅटलासच्या पंखांचा रंग विटकरी-तपकिरी, त्यावर पांढऱ्या, काळ्या व गुलाबी रेघा आणि कडेला पिवळसर पट्टीत नागमोडी काळी रेघ. चारही पंखांवर काळ्या काठाची एकेक त्रिकोणी ‘खिडकी’ असते. तिथे खवलेच नसल्याने पंखाखालची भिंत किंवा पान आरपार दिसते. नजर खिळते ती मात्र पुढच्या पंखांच्या टोकांवर. बाकदार टोक, त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका. बाजूने पाहिल्यास थेट सापाचे डोके. पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी हे सोंग उपयोगी पडत असावे, असे मानतात. धड मात्र या पंखांपुढे अगदीच आखूड, जाडसर आणि केसाळ.

मादी आकाराने मोठी. नराच्या शृंगिका रुंद, पिसांसारख्या असतात. मादीचा गंध तो त्यांनीच दुरून टिपतो.

प्रौढ पतंग काहीच खात नाही, कारण त्याची सोंड निकामी असते. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो एक-दोन आठवडे जगतो. निळसर हिरव्या सुरवंटाच्या अंगावर मांसल काटे आणि पांढरी, मेणचट भुकटी असते. दालचिनी, पेरू, लिंबूवर्गीय झाडे अशा अनेकांची पाने तो खातो. पानात गुंडाळलेल्या त्याच्या कोषाचे रेशीम तपकिरी व टिकाऊ असते. तैवानमध्ये रिकाम्या कोषांचे बटवे करीत.

कोषातून निघालेली मादी सहसा तिथेच जवळपास लटकून नराची वाट पाहते. म्हणून झाडावर अशी मादी दिसली तर तिला उचलून ‘सुरक्षित जागी’ नेऊ नये. हा पतंग चावत नाही, डंखही मारत नाही. हाताळल्याने त्याच्याच पंखांवरचे खवले झडतात.