गणिताचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर तिन्ही सिस्टिमवर चालतं ठेवणं

मॅक्सिमा, ऑक्टेव्ह, सेजमॅथ, सायलॅब, नमपाय ही गणिताची ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सॉफ्टवेअरं विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडं चालली पाहिजेत, आणि नुसती चालून भागत नाही, तिन्हीकडं उत्तर बरोबरच आलं पाहिजे, यासाठी वर्षानुवर्षं जे राबावं लागतं त्याला मेंटेनन्स म्हणतात. सॉफ्टवेअर आहे तसं ठेवलं तरी खालची सिस्टिम बदलत राहते. ॲपलनं २०१९ च्या कॅटालिनामध्ये ३२ बिटची ॲप्स बंद केली, २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप आणली, असं झालं की जुन्या सिस्टिमसाठी बांधलेलं सॉफ्टवेअर नव्यासाठी परत बांधायला बसावं लागतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात हा विषय घरातलाच आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणजे आपलं व्हीटीयू, १९९८ पासून मुख्यालय बेळगावातच, त्यांच्या २०२२ च्या स्कीममध्ये म्हणजे अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताला लॅब जोडलेली आहे आणि त्यात पायथन, सायलॅब चालतं. पोरगं लॅबमध्ये विंडोजवर प्रोग्राम करतंय, घरी थोरल्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स, आणि सुट्टीला पुण्याहून आलेल्या आतेभावाकडं मॅक. एकच प्रोग्राम तीन मशिनवर फिरतोय.

आता नमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत, १ ते १३ चा गुणाकार करून बघा. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. उबुंटूवर तेच येतं, पण नमपायचं जुनं व्हर्जन असलेल्या विंडोजवर १,९३,२०,५३,५०४ यायचं, आणि कसली एरर नाही की वॉर्निंग नाही. कारण असं, की जुनं नमपाय पूर्णांक सी भाषेतल्या लाँग या प्रकारात ठेवायचं, आणि तो ६४ बिटच्या लिनक्स आणि मॅकवर ६४ बिटचा असतो, विंडोजवर मात्र ३२ बिटचाच ठेवलाय, त्यात २,१४,७४,८३,६४७ च्या वरची संख्या मावतच नाही, वरचे बिट गळून पडतात आणि उरलेलं उत्तर म्हणून समोर येतं. १२ पर्यंतचा गुणाकार बरोबर येतो म्हणून शंकासुद्धा येत नाही. नमपायनं हे २.० मध्ये म्हणजे २०२४ ला सुधारलं, तोपर्यंत पोरांच्या किती लॅब जर्नलात चुकीचं उत्तर लिहिलं गेलं असेल या विचारानं मला अजून वाईट वाटतं, कारण पोराला वाटतं आपलंच चुकलं.

उलटंही होतं. दोन मशिनवर आयगनव्हेक्टरची (मॅट्रिक्सनं गुणलं तरी ज्याची रेषा बदलत नाही तो व्हेक्टर) अधिक-उणे चिन्हं उलटी येतात, किंवा पंधराव्या सोळाव्या आकड्याला फरक पडतो, आणि तरी दोन्ही उत्तरं बरोबर असतात. खाली मॅट्रिक्सचं काम करणारी लायब्ररी एकीकडं ओपनब्लास असते, दुसरीकडं ॲपलची अक्सेलरेट. कुठला फरक चूक आणि कुठला चालण्यासारखा हे ठरवून टेस्ट लिहिणं ही मेंटेनरची खरी कसोटी, तिथं गणितही यावं लागतं आणि मशिनही.

फोल्डरच्या नावाचा त्रास मात्र खास आपला. विंडोजच्या जुन्या पद्धतीत बऱ्याच लिप्यांना सिस्टिमचं कोडपेज, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा याचा तक्ता, असायचं, फ्रेंचला होतं, जपानीला होतं, पण देवनागरी आणि कन्नड दोन्हीला तसं सिस्टिमचं नव्हतंच. त्यामुळं युजरचं नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये टाकलं की जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या प्रोग्रामला पाथमध्ये म्हणजे फाइलच्या पत्त्यात नुसती प्रश्नचिन्हं दिसायची आणि फाइल सापडायची नाही. इथं पाटी कुठल्या भाषेत यावरून इतकी वर्षं चाललंय, त्या कोडपेजात मात्र दोघांनाही जागा नव्हती. २०१९ च्या विंडोज १० पासून प्रोग्रामला स्वतःसाठी यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या मावणारी पद्धत, मागून घेता येतं, संख्याशास्त्राच्या आर या भाषेनं ते ४.२ मध्ये २०२२ ला घेतलं. मॅकवर आणखी वेगळं. तिथली जुनी फाइल सिस्टिम ‘ऱ’ हे अक्षर र आणि नुक्ता (खालचा टिंब) असं फोडून साठवायची, म्हणजे ‘दुसऱ्या सेमिस्टर’ या नावाचा फोल्डर डोळ्यांना तोच दिसतो पण बाइट वेगळे, आणि लिनक्सवर आणला की प्रोग्राम म्हणतो असा फोल्डर नाही. कन्नडच्या ई-कार ओ-कारालाही हेच व्हायचं. ज्या मेंटेनरनं ‘ऱ’ कधी पाहिलाच नाही त्याला हे सुचणार कुठून?

सेजमॅथ २००५ ला विल्यम स्टाइन यांनी सुरू केलं, त्यात पारी, गॅप, मॅक्सिमा असे किती तरी प्रोग्राम एकत्र बांधलेत आणि त्यातले बरेच मूळचे युनिक्सचे, म्हणजे लिनक्स ज्या वळणावर बेतलंय त्या सिस्टिमचे. विंडोजसाठी आधी व्हर्च्युअल मशिन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) दिलं, मग सिगविनवरचं, म्हणजे विंडोजवर युनिक्सचे प्रोग्राम चालवणाऱ्या थरावरचं, इन्स्टॉलर आलं, तेही पुढं थांबलं आणि आता डब्ल्यूएसएल वापरा म्हणतात, म्हणजे विंडोजच्या पोटात लिनक्स. कमी रॅमच्या लॅब मशिनला ते जड जातं.

माणसं किती थोडी असतात ते मॅक्सिमावरून कळतं. एमआयटीत १९६८ ला सुरू झालेल्या मॅक्सिमाचं, म्हणजे तेव्हाच्या मॅकसिमाचं, एक रूप विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून सांभाळलं, १९९८ ला ते जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली खुलं करायची परवानगी मिळवली, आणि २००१ मध्ये ते वारले तोपर्यंत सांभाळतच राहिले. ती परवानगी होती म्हणून पुढं दुसऱ्यांना काम उचलता आलं.

सीमाभागातून यात हातभार लावायला कोडच यायला पाहिजे असं नाही. चूक दिसली की सिस्टिमचं नाव आणि व्हर्जन, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, चूक परत घडवणाऱ्या दोन-चार ओळी, आलेलं उत्तर आणि यायला हवं होतं ते उत्तर एवढं कळवायचं, इंग्रजी मोडकं असलं तरी चालतंय. आणि फोल्डरचं नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर ते बदलून इंग्रजी न करता आहे तसंच पाठवायचं.