लॅम्बोर्नच्या सहलीला निघण्याआधी वाचून ठेवा

लॅम्बोर्नमध्ये रेसकोर्स नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. महालक्ष्मीला सकाळची रपेट आणि रेस एकाच आवारात होते, त्यामुळे आपली मंडळी इथे उतरल्या उतरल्या प्रेक्षकांचा स्टँड शोधू लागतात. बर्कशायरमधलं हे गाव रेसचे घोडे तयार करण्याचं. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटनंतर याचाच नंबर. रेस बघायची तर न्यूबरीला जायचं, साधारण 20 किलोमीटर. ते या सहलीत धरलेलं नाही.

घोडे बघायचे तर सकाळीच. पहिली तुकडी सातच्या सुमारास तबेल्यातून निघते, म्हणून आमची गाडी रीडिंगहून सहाला सुटते आणि कोणासाठीही थांबत नाही. रविवारी बहुतेक घोड्यांना सुट्टी असते, म्हणून सहल शनिवारी. रेल्वेचा पर्याय विचारू नका: 1898 साली सुरू झालेली इथली प्रवासी गाडी 1960 मध्येच बंद झाली.

गावाभोवतीच्या टेकड्या खडूच्या आहेत. पाणी झटकन जिरतं, त्यामुळे पावसाळी हवेतही हिरवळीवर सहसा चिखल होत नाही. मात्र कोरड्या उन्हाळ्यात तीच जमीन कडक होते आणि घोड्यांचे पाय दुखावतात. अशा वेळी वाळू, कृत्रिम धागे आणि मेण यांच्या मिश्रणाच्या धावपट्ट्या कामी येतात. मेण नसेल तर वाळू सुकून उडते. टापांनी ती बाजूला सरकते, म्हणून मध्येमध्ये ट्रॅक्टर फिरवून सारखी करतात.

घोडे जोडीने चढावर पळवतात. चढामुळे कमी वेगातही दम लागतो आणि पुढच्या पायांवर भार कमी येतो. ट्रेनर बहुधा वरच्या टोकाला उभा असतो. वेगापेक्षा त्याचं लक्ष घोड्याच्या श्वासाकडे असतं: नाकपुड्या किती फुलल्यात, घरघर आहे का, दम किती लवकर बसतो. तुम्हीही तिथेच कान द्या.

स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी घोड्यांजवळून ताशी 10 मैलांच्या आत, किमान दोन मीटर अंतर ठेवून जावं. हॉर्न नको, इंजिन फुरफुरवणं नको. धावपट्ट्या खाजगी आहेत; पायवाट सोडू नका. छत्री फाडकन उघडली की घोडा बुजतो, त्यामुळे रेनकोट आणा.

गुड फ्रायडेला अनेक तबेले लोकांसाठी खुले होतात. तिथे घोड्याला काहीही भरवायचं नाही. चॉकलेटमधली कॅफीन आणि थिओब्रोमीन ही उत्तेजक द्रव्यं रेसच्या दिवशी तपासणीत सापडली तर घोडा बाद होतो. तुमचं प्रेम ट्रेनरला महागात पडेल.

परतीच्या वाटेवर अफिंग्टनचा पांढरा घोडा: टेकडीवर खडूत कोरलेला, सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा, जवळपास 110 मीटर लांब. अगदी जवळून नुसते पांढरे पट्टे दिसतात. गुडघे दुखणाऱ्यांनी टेकडी चढू नये. खालच्या रस्त्यावरूनच तो जास्त ओळखू येतो, गाडी तिथे दहा मिनिटं थांबेल.