रेल्वे प्रतिकृतीचे मॉड्यूल बोर्ड

मॉड्यूल बोर्ड म्हणजे छोट्या प्रमाणातील रेल्वेचा स्वतंत्र, उचलून नेता येणारा तुकडा. त्याची दोन्ही टोके ठरलेल्या मापाची असतात, त्यामुळे तो दुसऱ्या कोणाच्याही बोर्डाला जोडता येतो. प्रत्येकाने आपापल्या घरी एखाद-दुसरा बोर्ड बांधायचा, ठरल्या दिवशी सगळ्यांनी एका सभागृहात जमायचे, बोर्ड ओळीने जोडायचे आणि एका घरात कधीच मावली नसती एवढी लांब रेल्वे दोन दिवस चालवायची, असा हा प्रकार आहे. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय ही कायम एका जागी मांडलेली रचना आहे. मॉड्यूल बोर्डाची रेल्वे मात्र मेळाव्यापुरती उभी राहते आणि मेळावा संपला की पुन्हा वेगवेगळ्या गावांना जाते.

सुटा भाग आणि मॉड्यूल यांत फरक आहे. मोठी मांडणी कापून चार भाग केले, तर प्रत्येक भाग फक्त आपल्या शेजाऱ्यालाच जुळतो. मॉड्यूल उलटसुलट कसाही फिरवला, कोणाच्याही शेजारी ठेवला, तरी जुळला पाहिजे. म्हणून या छंदात सगळ्यांनी मिळून ठरवायची गोष्ट एकच, ती म्हणजे बोर्डाचे टोक. दोन टोकांच्या मध्ये काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रचलित मानके

अमेरिकेत १९७०च्या दशकात एन प्रमाणासाठी (१:१६०, रुळांतील अंतर ९ मिमी) एनट्रॅक हे मानक रुजले. त्याचा मूळ बोर्ड ४ फूट लांब आणि २ फूट रुंद असतो, त्यावर तीन समांतर मार्ग असतात आणि रुळाची उंची जमिनीपासून ४० इंच असते. युरोपात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेमो संघटनेने वेगळी वाट धरली. बोर्डाचा आकार आणि वळण मोकळे ठेवायचे, टोक तेवढे पक्के करायचे आणि गाड्या खऱ्या रेल्वेसारख्या वेळापत्रकाने चालवायच्या. तिथे रुळाची उंची १३०० मिमी असते. याच विचाराचे फ्री-मो हे मानक पुढे अमेरिकेत एचओ प्रमाणासाठी (१:८७) आले. त्याची उंची ५० इंच, म्हणजे १२७० मिमी. टी-ट्रॅक या प्रकारात बोर्ड पायांवर उभे न राहता टेबलावर ठेवतात. त्याचा एकेरी बोर्ड जेमतेम ३०८ मिमी लांब असतो, त्यामुळे शाळेच्या वर्गात मांडायला तो सर्वांत सोयीचा.

खानदेशात असा गट नव्याने सुरू करणाऱ्यांनी यांपैकी एखादे मानक जसेच्या तसे उचलण्याआधी आपल्याला कोणती रेल्वे दाखवायची आहे, हे आधी ठरवावे.

खानदेशाची रेल्वे आणि तिचे गेज

खानदेशाला या छंदासाठी दूर काही शोधायला जावे लागत नाही. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे आहे. तिथे मोठे यार्ड, विद्युत इंजिनांची शेड आणि कारखाना आहे, आणि इटारसीकडची व नागपूरकडची वाट तिथेच फुटते. जळगावहून ताप्तीच्या खोऱ्याने अमळनेर, नंदुरबारमार्गे सुरतेची वाट निघते, तर चाळीसगावहून धुळ्याची शाखा. आणि पाचोऱ्याहून जामनेरला ५६ किलोमीटरची पीजे (पाचोरा-जामनेर) जात असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली ही ७६२ मिमी गेजची (म्हणजे रुळांतील अंतराची) छोटी गाडी मार्च २०२० मध्ये थांबली आणि पुढे हा मार्ग ब्रॉडगेज करण्याचे ठरले.

मापाचा हिशेब केला की पीजेचे महत्त्व कळते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे. १:८७ प्रमाणात ते १९.३ मिमी होते, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा असतो. त्यामुळे भारतीय गाड्यांची प्रतिकृती त्या रुळावर जरा अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. बहुतेक छंदी ही तडजोड मान्य करतात, कारण रूळ आणि चाके हाताने बनवणे प्रत्येकाला जमत नाही. याउलट ७६२ मिमी भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिमी. एन प्रमाणाचा तयार ९ मिमी रूळ इथे जवळजवळ तंतोतंत बसतो. युरोप-अमेरिकेत याच गेजच्या छोट्या रेल्वेंसाठी १:८७ मध्ये ९ मिमी रूळ वापरण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे दूर-दूर स्लीपर असलेला रूळ तयार मिळतो आणि इंजिनासाठी एन प्रमाणाची चेसिस (चाके-मोटरचा खालचा सांगाडा) घेऊन वर टप बांधता येतो.

लांबीचेही तसेच. २४ डब्यांची आजची एक्स्प्रेस १:८७ मध्ये साडेसहा मीटरपेक्षा लांब होते, म्हणजे तिच्या एका फलाटालाच पाच-सहा बोर्ड लागतील. छोट्या गेजची आखूड गाडी एका बोर्डावर पूर्ण उभी राहते. सगळा पीजे मार्ग प्रमाणात केला तर ६४४ मीटर होईल. तेवढा कोणी बांधणार नाही, पण वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जामनेर अशी एकेक स्थानके एकेकाने वाटून घेतली, तर मधली शेते हव्या तेवढ्या बोर्डांची ठेवता येतात. एकाच गावचे स्टेशन दोघांनी बांधले तरी बिघडत नाही, ते आलटून-पालटून लावावे. पाचोऱ्याचा बोर्ड मात्र गटात जो सर्वांत हातखंडा असेल त्याच्याकडे द्यावा, कारण तिथे १६.५ मिमी आणि ९ मिमी असे दोन्ही रूळ शेजारी येतात. गावातल्या ज्यांनी पीजेने प्रवास केला आहे, त्यांच्याकडून स्टेशनची रचना, झाडे, पाण्याची टाकी आताच विचारून कागदावर उतरवून ठेवावी. रूळ उखडले की या गोष्टी आठवणीतूनही लवकर पुसल्या जातात.

टोकाची फळी आणि सुतारकाम

एकेरी छोट्या मार्गासाठी पुढील माप पुरते : टोकाची फळी ४०० मिमी रुंद, रूळ तिच्या बरोबर मध्यावर, फळीला काटकोनात आणि शेवटचे किमान १०० मिमी सरळ व सपाट. बोर्डाची लांबी १२०० मिमी. त्यापेक्षा लांब बोर्ड एकट्याने उचलता येत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो. उंची ठरवताना मात्र परदेशी मानकाचा मोह आवरावा. १३०० मिमीवर गाडी प्रौढ माणसाच्या नजरेला छान दिसते, पण आपल्याकडे मेळाव्याला अर्धी गर्दी मुलांची असते. रूळ १००० मिमीवर ठेवला तर मुलांना दिसतो आणि मोठ्यांना खुर्चीवर बसून नीट पाहता येतो.

काटकोन हा यातला सर्वांत नाजूक भाग. ४०० मिमीच्या फळीत एका कडेला फक्त १ मिमी फरक पडला, तर १२०० मिमी लांब बोर्डाचे दुसरे टोक ३ मिमी बाजूला सरकते. ९ मिमीच्या रुळाला ही चूक परवडत नाही. म्हणून टोकाच्या फळ्या प्रत्येकाने आपापल्या सुताराकडून करून घेऊ नयेत. गटाने एकाच ठिकाणी, एकाच जिगवर (ठरलेल्या मापाच्या साच्यावर) सगळ्यांच्या फळ्या कापून आणि बोल्टची भोके पाडून घ्याव्यात व मग वाटाव्यात. बाकीचा सांगाडा ज्याने त्याने घरी करावा, पण जोडताना दर वेळी गुण्या लावून.

प्लाय १२ मिमीचा, बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन दर्जाचा घ्यावा (आयएस ७१०). स्वस्त कमर्शियल प्लाय पहिल्या पावसाळ्यात फुगतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जुलैत हवा दमट होते, त्यामुळे लाकूड दोन्ही बाजूंनी आणि कापलेल्या कडांवरही रंगवून बंद करावे लागते. कडा बहुतेकजण विसरतात आणि पाणी तिथूनच शिरते. रूळही वाढतो. निकेल सिल्व्हरचा १२०० मिमी रूळ हिवाळ्यातली पहाट ते उन्हाळ्यातली दुपार एवढ्या फरकात सुमारे अर्धा ते पाऊण मिमी लांबतो. रूळ थंडीत टाकणार असाल तर मधे बारीक फट ठेवावी, नाहीतर तो उन्हाळ्यात कमानीसारखा उचलला जातो. टोकाशी मात्र रूळ हलता कामा नये. तिथे फळीच्या कडेला तांब्याचा थर असलेली पीसीबीची (सर्किट बोर्डाची) पट्टी स्क्रूने बसवतात आणि रूळ त्यावर डाखतात. ने-आण करताना पहिला धक्का इथेच बसतो.

दोन बोर्ड नुसत्या बोल्टने जोडले तर बोल्टच्या भोकातील ढिलाईमुळे रूळ सरकतात. जागा पक्की करण्यासाठी पितळी खुंटी व ती घट्ट बसेल अशा बुशची (नळीची) जोडी आणि आवळण्यासाठी बोल्ट व विंगनट, अशी कामे वेगळी ठेवावीत. पायांच्या तळाशी वर-खाली फिरणारा बोल्ट हवाच, कारण मंगल कार्यालयाची फरशी पाणी वाहून जाण्यासाठी उतरती केलेली असते.

माती, केळी आणि झाडे

देखावा ज्याचा त्याचा, पण खानदेशात एक काळजी सगळ्यांनी घ्यावी. इथली काळी माती आणि तापी-गिरणेची वाळू बेसाल्टमधून आलेली आहे आणि तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात आणि मोटर बिघडते. माती चाळून, वाळवून, कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक वारंवार फिरवावे आणि कण येणे थांबल्यावरच ती वापरावी. क्रशरच्या कचेची खडी केली तरी हेच करावे. खडी चिकटवताना फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकला की ते सगळीकडे मुरते.

केळीच्या बागेचा हिशेब मजेचा आहे. दोन झाडांतले दीड मीटर अंतर १:८७ मध्ये १७ मिमी होते, म्हणजे ३० सेंमी बाय २० सेंमीच्या बागेला दोनशेच्या वर झाडे लागतात. प्रत्येक झाड तीनेक सेंमी उंच, पाने कागदाची, मधल्या शिरेला बारीक तार आणि कडेने वाऱ्याने फाटल्यासारख्या चिरा. दोनशे झाडे करायला संपूर्ण पावसाळा जातो, पण खानदेशची ओळख पटवायला याहून चांगले काही नाही. मोठ्या झाडांसाठी वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या बारीक फांद्या उत्तम. धाब्याची घरे पुठ्ठ्यावर मातीचा हात देऊन होतात. थर्माकोलच्या टेकडीला मात्र सॉल्व्हेंटचा डिंक किंवा स्प्रे-रंग लावू नये, थर्माकोल विरघळतो.

वीज

रुळाला १२ ते १६ व्होल्टपर्यंत वीज लागते. प्रत्येक बोर्डाखाली २.५ चौरस मिमीच्या दोन वायरी टोकापासून टोकापर्यंत न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून वेगळी बारीक वायर द्यावी. रुळांच्या सांध्यातून वीज पुढे जाईल यावर विसंबू नये.

बोर्ड उलटा फिरवता येण्यासाठी एक नियम पाळावा. टोकाच्या फळीकडे तोंड करून उभे राहिल्यावर जो रूळ उजवीकडे येतो, त्याची त्या टोकाची वायर लाल, डावीकडची काळी. दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले की उजवा रूळ बदलतो, म्हणून तिथे रंगही बदलतात. दोन बोर्ड समोरासमोर आले की एकाचा उजवा रूळ दुसऱ्याच्या डाव्याला भिडतो, म्हणजे प्रत्येक सांध्यावर लाल काळ्याला जोडायची. ऐकताना हे चुकीचे वाटते, पण बोर्ड कसाही फिरवला तरी हे बरोबर राहते. गाडी ठेवण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही रूळ एकमेकांना भिडलेले नाहीत ना, हे पाहावे.

या जोडणीसाठी घरगुती पिन-सॉकेट कधीही वापरू नये. गडबडीत कोणी ती पिन भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसली, तर सगळी इंजिने जळतील आणि रुळाला हात लावणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतेल.

सभागृहाचा आराखडा

नोंदलेल्या बोर्डांचे १:१० प्रमाणात कागदी तुकडे कापून सभागृहाच्या नकाशावर मांडणे ही सर्वांत साधी आणि भरवशाची पद्धत आहे. ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर लांब हॉलमध्ये १२०० मिमीचे १२ बोर्ड सरळ रेषेत १४.४ मीटर घेतात. दोन टोकांना गाडी वळवण्यासाठी प्रत्येकी १.२ मीटरचा फेरा ठेवला की दोन्हीकडे जाण्यायेण्याला पाऊण मीटर उरते. सगळे बोर्ड जोडून बंद वर्तुळ करण्याचा आग्रह नव्या गटाने धरू नये. उघड्या मार्गात प्रत्येक सांध्याची चूक शेवटच्या टोकाला निघून जाते, बंद मार्गात ती शेवटच्या सांध्यावर एकदम अंगावर येते. टोकाच्या फेऱ्यात मात्र उजवा रूळ फिरून डाव्याला मिळतो आणि शॉर्ट होतो. तिथे रूळ दोन ठिकाणी तोडून ऑटो-रिव्हर्सर (रुळांतली वीज आपोआप उलटवणारे उपकरण) लावतात.

मांडणी मधल्या जंक्शनपासून दोन्हीकडे करत जावी. उंची जुळवायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. हॉलच्या दोन टोकांचे बोर्ड तिने एका पातळीत येतात आणि मधले स्पिरिट लेव्हलने बसतात. पहिल्या दिवशी सकाळ मांडणीत जाते हे गृहीत धरून लोकांना दुपारनंतरच बोलवावे. गाडी चालवायला घेताना एकेरी मार्गाचे टोकन म्हणून लाकडी गोळा ठेवावा. ज्याच्या हातात गोळा, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनकडे सुटेल. भारतीय रेल्वेत एकेरी मार्गांवर असा गोळा प्रत्यक्ष वापरात होता, आणि मुलांना तो नियम सांगावा लागत नाही, पाहूनच कळतो.

परतताना दोन-दोन बोर्ड तोंडाला तोंड करून, मधे झाडे आणि इमारती मावतील एवढे अंतर ठेवून, टोकाला आडव्या फळ्या ठोकून बांधावेत. अशा जोड्या छोटा हत्ती टेम्पोत उभ्या रचता येतात. घरी त्या जमिनीवर न ठेवता लोखंडी घोडीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात, म्हणजे वाळवी चढली तर आधी दिसते.