डांबरी वाट, ओढा आणि सरड्याचे रक्त

क्रीक म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे ठाण्याची खाडी येते. कॅलिफोर्नियात मात्र क्रीक म्हणजे ओढा. सांताक्रूझच्या डोंगरांत उगम पावणारा स्टीव्हन्स क्रीक दाट वस्तीच्या उपनगरांतून वाहत सॅन फ्रान्सिस्को उपसागराला मिळतो. माउंटन व्ह्यू शहरात त्याच्या काठाने, महामार्गाला बरेच अंतर खेटून, चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी डांबरी वाट आहे. त्या परिसरातील अनेक मराठी कुटुंबांच्या ती पायाखालची आहे.

उन्हाळ्यात तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही आणि ओढ्याचे पात्र ठिकठिकाणी कोरडे होते, तरीही काठावरच्या विलो, कॉटनवूड आणि ओक वृक्षांच्या पट्ट्यात प्राण्यांना सावली, अन्न आणि आडोसा मिळत राहतो.

सकाळी ऊन चढू लागले की वाटेच्या कडेला, कुंपणावर किंवा दगडावर, वेस्टर्न फेन्स लिझर्ड हा करड्या रंगाचा सरडा अंग शेकताना दिसतो. नर जोर काढल्यासारखा वरखाली होऊ लागला की त्याच्या पोटाकडचा निळा रंग चमकतो. तो मादीला आकर्षित करण्यासाठी आणि दुसऱ्या नराला हद्द दाखवण्यासाठी असे करतो, पण त्याची खरी नवलाई रक्तात आहे. लाइम रोग हा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा आजार. त्याचे जिवाणू पोटात असलेली पिल्लू अवस्थेतील गोचीड या सरड्याचे रक्त प्याली की त्या रक्तातील प्रथिनांमुळे तिच्यातील जिवाणू मरतात आणि पुढे प्रौढ झाल्यावर ती रोग पसरवू शकत नाही. बर्कली येथील संशोधकांनी हे 1998 साली दाखवले. म्हणून सरडे वाढले की रोग घटेल, असे सरळ गणित मात्र मांडता येत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जागांवरचे सरडे हलवले, तेव्हा गोचिडींच्या बहुतेक अळ्यांना रक्त पिण्यासाठी दुसरा प्राणीच मिळाला नाही आणि पुढे रोगवाहक गोचिडीही कमी झाल्या. सरडा गोचिडीला निर्धोक करतो आणि तिला पोसतोही, हे ध्यानात घ्यावे लागते; गवतात न शिरता डांबरावरूनच चालावे, हे त्यामुळेही उत्तम.

उपसागराजवळ झाडी संपून मोकळे गवत लागते. तेथे जमिनीत बिळे करणाऱ्या खारी दिसतात, आणि त्यांच्याच सोडलेल्या बिळांत बिळवासी घुबडे घर करतात. खारींना उपद्रवी समजून संपवले तर या घुबडांचा निवाराही जातो.

ओहोटीच्या वेळी चिखलात लांब तांबूस पायांचा काळ्या मानेचा शेकाट्या चरताना दिसतो, तो आपल्याकडील शेकाट्याचा जवळचा नातलग आहे. रातबगळा तर नातलगही नव्हे, महाराष्ट्रातल्या तळ्यांवर दिसतो तोच आहे. दिवसा तो पानांआड मान आखडून बसलेला असल्यामुळे सहसा दिसत नाही. झाडाखाली विष्ठेचे पांढरे शिंतोडे पडलेले असतील, तर तेथे थांबून वरच्या फांद्या सावकाश न्याहाळाव्यात, म्हणजे त्याचा लाल डोळा सापडतो.