ॲव्हरेज, मागचा ब्रेक आणि दोन शतांश मिलिमीटर

जुनी मोटारसायकल ॲव्हरेज देईनाशी झाली की आपला पहिला हात जातो हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला. चार स्क्रू, वाटीभर पेट्रोल, जुना टूथब्रश, आणि तासाभरात कार्बोरेटर लखलखीत. ॲव्हरेज मात्र जिथल्या तिथे. मी हा उद्योग तीनदा केला आणि शेवटी दोष निघाला मागच्या ब्रेकमध्ये. तेव्हापासून कार्बोरेटर मी सगळ्यात शेवटी उघडतो.

ॲव्हरेज खरंच पडलंय का, हेही आधी बघावं लागतं. रिझर्व्हवर येईपर्यंत किती किलोमीटर झाले, यावरून काढलेला आकडा म्हणजे नुसता अंदाज. टाकी भरून २ लिटर जाळलं, पुन्हा भरली आणि पातळी ठरवताना २०० मिलिलिटरची गफलत झाली, तर हिशोब थेट १० टक्क्यांनी चुकतो. तीच गफलत ८ लिटरवर अडीच टक्क्यांची होते. म्हणून गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करायची, तोंडाशी एक खूण ठरवायची, दरवेळी तिथपर्यंतच भरायचं, आणि निदान पाऊण टाकी जाळून मगच भागाकार करायचा. टायर वेगळ्या मापाचा टाकला असेल तर मीटरवरचे किलोमीटरही खोटे असू शकतात. पेट्रोल गळत नाही ना, यासाठी टाकीच्या पेट्रोल कॉकखाली रात्रभर कोरडा कागद ठेवून सकाळी डाग पडलाय का, तेवढं बघून घ्यावं.

आता ब्रेक. चेन ताणायची म्हणून मी चाक मागे सरकवलं होतं. चाक मागे गेलं की रॉडवर चालणारा ड्रम ब्रेक आपोआप ताणला जातो. त्याचा नट तेवढाच सैल करायला हवा होता, तो राहिला. ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमवर दाबून घासणारे तुकडे, ड्रमला जेमतेम टेकत होते. हाताने चाक फिरवलं तर फिरत होतं, फक्त थोडं लवकर थांबत होतं. हा ‘जेमतेम’ किती महाग पडतो ते बघा. समजा, शूंचा अडथळा २० न्यूटनचा आहे, म्हणजे दोन किलोचं वजन मागे ओढत राहिल्यासारखा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गुणाकार केला की सुमारे ३३० वॅट होतात. सपाट रस्त्यावर याच वेगाने जायला अशा गाडीला अंदाजे अडीच-तीन किलोवॅट पुरतात. म्हणजे आठवा-नववा हिस्सा नुसता ब्रेक घासण्यात गेला.

ही शक्ती उष्णता होऊन ड्रममध्येच राहते, त्यामुळे चोर पकडणं सोपं जातं. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं चालवा, शक्यतो ब्रेक न लावता गाडी आपसूक थांबू द्या, आणि दोन्ही हबजवळ हात न्या. एक थंड आणि दुसरा चांगलाच तापलेला असेल, तर पेट्रोल तिथेच चाललंय. टायरमधली कमी हवा आणि घसरणारी क्लच प्लेट हेही याच जातीचे दोष, पण ते चालवतानाच कळतात.

चाकं मोकळी निघाली तर इग्निशन. हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटलं की सगळं एकदम जळत नाही. ज्वाला पसरायला काही मिलिसेकंद घेते. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) पिस्टनला जोडलेला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते. जुन्या गाडीत पॉइंट, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारे दोन संपर्क, असतात. त्यांचा फायबरचा टाचेसारखा भाग कॅमवर घासून झिजतो, गॅप कमी होतो आणि पॉइंट उशिरा उघडतात. ठिणगी मागे पडते, दाब तयार होतो तेव्हा पिस्टन खाली निघालेला असतो आणि जाळलेलं पेट्रोल सायलेन्सर तापवत बसतं. गाडी सुरू होते, आयडलिंगला छान चालते, त्यामुळे संशयही येत नाही. वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणाऱ्या ऑटो ॲडव्हान्सची वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये अडकली असतील तर वेग वाढला तरी टायमिंग पुढे सरकत नाही. दोन थेंब तेल आणि गॅप मोजायची पत्री, म्हणजे फीलर गेज, एवढ्यावर हे काम भागतं. तरी लोक आधी कार्बोरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकं असलेले पितळी तुकडे, बदलतात, हे मला कधी कळलं नाही.

आता उघडा कार्बोरेटर. आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोटला भोक आहे. तो जड होऊन बुडतो, पातळी वर चढते आणि मिश्रण दाट होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त जातं. चोक पूर्ण उघडतोय का आणि एअर फिल्टर साफ आहे का, हे पाहायला मिनिटही लागत नाही.

जुन्या गाड्यांचा खरा छुपा दोष मात्र निडल (निमुळती सुई) आणि ती ज्यात वर-खाली होते ते निडल जेट. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल बहुतेक वेळ पाव ते पाऊण एवढंच उघडं असतं. त्या टप्प्यात पेट्रोल मोजून देतात ते निडल आणि तिच्याभोवतीचं जेटचं भोक, या दोघांमधली गोल फट. थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी आणि निडल धरणारी स्लाइड थरथरते, निडल जेटला घासत राहते, आणि पितळेचं भोक हळूहळू लांबट होतं. समजा, भोक २.६० मिलिमीटरचं आणि त्या जागी निडल २.५० ची. फटीचं क्षेत्रफळ येतं ०.४० चौरस मिलिमीटर. भोक झिजून २.६२ झालं की तेच होतं ०.४८. झीज दोन शतांश मिलिमीटर, आणि पेट्रोलची वाट २० टक्क्यांनी रुंद! ॲमल कंपनीच्या कार्बोरेटरची निडल जेट एकेक हजारांश इंचाच्या फरकाने मिळतात, ती काही हौस म्हणून नाही. ब्रशने कितीही घासलं तरी हा दोष जात नाही, कारण इथे घाण नाहीच, धातू कमी झालाय.

निडलला स्लाइडमध्ये अडकवणारी क्लिप एक खाच वर सरकवून निडल खाली उतरवली तर थोडं भागतं, पण भोक लांबटच राहतं.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा इथे एक गमतीशीर परिणाम होतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा, पेट्रोलच्या लिटरमध्ये ३२. २० टक्के मिश्रणात लिटरमागे सात टक्के ऊर्जा कमी. मात्र इथेनॉलला जळायला हवाही कमी लागते, आणि जुन्या कार्बोरेटरला ऑक्सिजन सेन्सर नसल्याने तो आपल्या मापाने तेवढंच इंधन सोडत राहतो. त्यामुळे झिजलेल्या जेटचं दाट मिश्रण थोडं पातळ होतं. दाट मिश्रणाने काळा पडणारा स्पार्क प्लग पूर्वीइतका काळा दिसत नाही आणि झीज झाकली जाते.

म्हणून प्लगच्या रंगावर विसंबण्यापेक्षा निडल बाहेर काढा आणि उजेडात, भिंगाखाली सावकाश फिरवा. एका बाजूला चकाकणारा चपटा पट्टा दिसला, तर निडल आणि जेट, दोन्ही जोडीने बदला. क्लिप मधल्या खाचेत बसवा, टाकी त्याच खुणेपर्यंत भरा, आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा.