उताऱ्याचा हिशेब आला कुठून?

उतारा म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर हाती आली. १०० टन उसात १३.५ टन साखर आहे असे धरू. चोथा निघाला २८ टन. त्यात २ टक्के साखर राहिली, म्हणजे ०.५६ टन बॉयलरमध्ये जळाली. साडेतीन टन प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, त्याबरोबर ०.०७ टन गेली. ४.२ टन मळीत, म्हणजे दाणे काढून उरलेल्या काळ्या पाकात, ३० टक्क्यांनी १.२६ टन अडकली. गोण्यांत भरली ११.५१ टन. बेरीज होते १३.४०. उरलेली ०.१० टन? तिला रिपोर्टात 'अज्ञात घट' म्हणतात. पाइपातली गळती, कंडेन्सरच्या पाण्याबरोबर उडालेले थेंब, उष्णतेने मोडलेली साखर आणि मोजमापाची चूक, सगळे त्याच खात्यावर.

हा जमाखर्च शक्य झाला पोलॅरिमीटर या प्रकाशाने साखर मोजणाऱ्या उपकरणामुळे. साखरेचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल फिरवते, हे फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ बियो यांनी १८१५ मध्ये दाखवले. पुढे २६ ग्रॅम नमुना, १०० मिलिलिटर द्रावण, २०० मिलिमीटरची नळी असे माप ठरले. शुद्ध साखर असली की वाचन १०० येते. देशोदेशीच्या प्रयोगशाळांचे आकडे जुळावेत म्हणून १८९७ मध्ये हॅम्बर्गला आंतरराष्ट्रीय आयोगाची सुरुवात झाली.

पण रसात साखर किती, हे कळून भागत नाही. तिच्यातली दाणा होऊन बाहेर किती पडेल? डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावरच्या विंटर आणि कार्प यांचे सूत्र इथे कामी आले. त्यामागचा अंदाज साधा आहे: रसातला एक भाग बिगरसाखर मळीत जाताना ०.४ भाग साखर धरून ठेवतो. रसाची प्युरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या घन पदार्थांतला साखरेचा टक्का, ८० असेल तर २० भाग बिगरसाखर ८ भाग साखर अडवते. ८० पैकी ७२ हाती, म्हणजे ९० टक्के. पुढे रूढ झालेल्या एसजेएम सूत्रात ठोकताळ्याऐवजी मळीची मोजलेली प्युरिटी घालतात. तीच ८० प्युरिटी, पण मळी ३३ प्युरिटीवर सुटली, तर ८७.७ टक्केच. पॅनवाल्याचा, म्हणजे पाक उकळून दाणा पाडणाऱ्या कामगाराचा, हात इथे दिसतो. कमी-जास्त प्रतीचा ऊस गाळणाऱ्या कारखान्यांची तुलना व्हावी म्हणून नोएल डीर यांनी आणि नंतर आपल्याकडे गुंडू राव यांनी सगळ्यांचा रस ८५ प्युरिटीचा असता तर आले असते असे आकडे रूढ केले.

महाराष्ट्रात हा हिशेब प्रयोगशाळेत राहिला नाही, कारण उसाचा दर उताऱ्याला बांधला गेला. एफआरपीचा (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा) पाया २००९-१० मध्ये ९.५ टक्के होता, २०१८-१९ मध्ये १० आणि २०२२-२३ पासून १०.२५. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्क्यांना टनाला ३,४०० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे होते. बी-हेवी मळी (शेवटचा दाणा काढण्याआधीची, जास्त साखरेची मळी) इथेनॉलला वळवली की गोण्यांतली साखर घटते, म्हणून ती घट उताऱ्यात परत जमा धरावी लागते.

गंमत अशी की दराचा उतारा पोलॅरिमीटरवर ठरतच नाही. तो सरळ भागाकार आहे: वर गोण्या, खाली उसाचे वजन. काटा मारला तर कागदावर उतारा वाढतो आणि शेतकऱ्याचे टन कमी होतात. साखर दडवली तर उताराच पडतो. म्हणून केमिस्टच्या टेबलापेक्षा गावात वजनकाट्यावरच जास्त भांडण होते.